घराची सही

कंपनी काढायची ठरली तेव्हा ताईला कुणी विचारलं नव्हतं. पण कंपनीचं ऑफिस कुठे दाखवायचं हा प्रश्न आला तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम तिची आठवण झाली. फोन बापूने केला. सर्वात धाकटा भाऊ, त्यामुळे ताईकडे काही मागायचं असलं की ते काम कायम त्याच्याच गळ्यात पडायचं. "ऑफिस तुझ्याकडेच ठेवतोय, ताई. आपल्या घरातच," तो म्हणाला. पुढे कागदपत्रांबद्दलही तो बरंच बोलला, पण ताईच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

शहराबाहेर शेड बांधून कारखाना तिकडे हलवला, त्याला काही वर्षं झाली होती. तोवर याच घराच्या मागच्या भागात दवाखान्यांसाठी लोखंडी खाटा बनायच्या. दिवसभर पाइप कापल्याचा आवाज, रंगाचा वास, आणि पुढच्या खोलीत टेबलामागे ताई. गिऱ्हाइकं तिच्याशी बोलायची, ट्रकवाले तिच्याशी भांडायचे. तिचं लग्न राहून गेलं ते याच गडबडीत. घरात ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही आणि तिनेही आठवण करून दिली नाही. कारखाना गेला आणि घर इतकं गप्प झालं की शेजारच्यांचा नळ वाजला तरी तिला सोबत वाटायची. सुरुवातीला बापू रोज डोकवायचा. मग आठवड्यातून एकदा. मग फोन.

ती आपली खाट पुढच्या खोलीत घेऊन आली होती, कारण तिथल्या खिडकीतून रस्ता दिसायचा. आता ऑफिस होणार म्हटल्यावर तिने ती खाट ओढत मागच्या बिनखिडकीच्या खोलीत नेली. मदतीला कुणाला बोलावलं नाही, त्यामुळे दोन दिवस कंबर धरून चालत होती. टेबल पुसलं, सुताराकडून दोन खुर्च्यांचे पाय नीट करून घेतले, बाजारातून नवे कप आणले. मनातल्या मनात तिने माणसंही बसवून टाकली. एक कारकून इथे, दाराशी. बापू अधूनमधून. अण्णा गावाहून आला की तिकडे, पंख्याखाली. इतकं सगळं बघून ठेवायला नको होतं तिने, पण माणूस एकटा राहिला की त्याच्या हातून असले उद्योग होतात.

शुक्रवारी सगळे आले, पण आले ते अर्ज परत आला म्हणून.

त्या अर्जाचं असं झालं. मोठ्या दवाखान्यांनी ठरवलं होतं की यापुढे खाटा घ्यायच्या त्या नोंदणी झालेल्या कंपनीकडूनच. बापूच्या एकट्याच्या नावावर चालणाऱ्या कारखान्याकडून नाही. तेव्हा अण्णाच्या मुलाने, म्हणजे ज्याला घरात सगळे इंजिनियर म्हणतात त्याने, नोंदणीचं मनावर घेतलं. एक सल्लागार गाठला. तीन संस्थापक ठरले: अण्णा, बापू आणि इंजिनियर स्वतः. कंपनीच्या नावातच दोन महिने गेले. आडनाव असलेलं नाव नोंदणी कार्यालयाने नाकारलं, त्या नावाची कुठलीशी दुसरी कंपनी आधीच होती. मग इंजिनियरने असं एक नाव शोधलं की ज्यात घरातल्या कुणाचंच काही नव्हतं, आणि ते झटक्यात मंजूर झालं. मग तिघांनी आपापल्या ठिकाणी सह्या केल्या. घर ताईच्या नावावर, म्हणून जागेला हरकत नसल्याचा कागद तिच्याकडे पोस्टाने आला, तिने तो न वाचता सही करून परत पाठवला. बापूने पाठवलेला कागद, त्यात वाचायचं काय.

महिन्याभराने सगळी फाइल परत. शेरा असा की चारही सह्या एकाच माणसाने केलेल्या दिसतात. सबब तपासनीस जागेवर येईल आणि चौघांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात.

सल्लागाराने डोक्याला हात लावला. "मला खरं सांगा," तो बापूला म्हणाला, "कुणी केल्या या?"

"ज्याच्या त्याने," बापू म्हणाला, आणि त्याला खरंच कळेना की यात चूक कुठे झाली.

चूक आबांपासूनची होती, आणि या घरात ती चूक कधी कुणाला वाटलीच नाही. आबा, म्हणजे ताई, अण्णा आणि बापूचे वडील, शाळेत गेले नव्हते. कुणीतरी त्यांना आडनावाची एक सही बसवून दिली होती: पहिलं अक्षर मोठं, पुढे एक लांब लाट, मग हात मागे वळून सगळ्या नावाखालून एक रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं. कारखाना चालू झाला तेव्हा आबांच्या हातात कायम जाडे हातमोजे. माल घेऊन आलेला माणूस सहीसाठी ताटकळायचा. म्हणून त्यांनी ती सही परकरी वयाच्या ताईला शिकवली. ताईने अण्णाला शिकवली, बापूला शिकवली. कारखान्याची सही एकच, मग करणारा कुणी का असेना. काम अडता कामा नये. पुढे आबा गेले, पण पद्धत राहिली. घरातलं प्रत्येक पोर जरा मोठं झालं की सुट्टीत ताईसमोर पाटी घेऊन बसायचं आणि ती सही घोटायचं. दुसरी सही असू शकते हे त्यांच्या कधी ध्यानीमनीच आलं नाही. अण्णाची नोकरी त्याच सहीवर झाली, इंजिनियरची पदवीही.

*

बापू गाडीतून उतरला तेव्हा ताई दारातच उभी होती. त्याने तिच्याकडे नीट बघायचं टाळलं. शेड झाल्यापासून त्याला हे जमत नसे. तिच्यासमोर उभं राहिलं की आपण काहीतरी घेऊन पळालो आहोत असं वाटायचं. आत आला तर खोली रिकामी, टेबल चकचकीत, खुर्च्या ओळीने. "तुझी खाट कुठंय?" त्याने विचारलं.

"मागे टाकली. ऑफिसात खाट बरी दिसते का?"

बापूने सल्लागाराकडे बघितलं, सल्लागाराने छताकडे. फोनवर जे नीट सांगितलं गेलं नव्हतं ते आता सांगणं भाग होतं, आणि ते सांगायला कुणी पुढे होईना. शेवटी अण्णानेच तोंड उघडलं. दोघा भावांतला मोठा, सकाळच्या बसने आला होता, संध्याकाळच्या बसने परत जायचा होता, आणि बसची चिंता त्याला आतापासूनच लागली होती. त्याने सांगितलं की ऑफिस म्हणजे नुसता पत्ता. कायद्याला एक पक्कं ठिकाण लागतं, जिथे पाटी असेल आणि सरकारी पत्र आलं तर घ्यायला कुणी असेल. काम सगळं शेडवरच. शेडची जमीन भाड्याची, मालक ना-हरकत देत नाही, म्हणून हे घर.

"म्हणजे इथे कुणी बसणार नाही," ताई म्हणाली.

"तू आहेस ना," बापू म्हणाला.

ताई वळली. चहा टाकते म्हणाली आणि आत गेली. अण्णाला जरा लागलं. त्याने मुलावर आवाज चढवला: हिला आधी सांगायला काय झालं होतं, म्हाताऱ्या माणसाला खाट ओढायला लावली. बापूनेही त्याला दुजोरा दिला. दोघे काका-बाप एकाएकी ताईच्या बाजूने झालेले बघून इंजिनियर फाइल चाळत बसला. फोन करायची जबाबदारी बापूकाकाची होती, हे तो बोलला नाही.

*

इंजिनियरला या घरात कुणी नावाने हाक मारत नसे. त्यात कौतुक होतं, आणि जरा दूर ठेवणंही होतं. चांगली नोकरी सोडून तो काकाच्या शेडवर आला त्याला वडिलांचा विरोध होता, आणि काकाला त्याची गरज असली तरी त्याचा धाक वाटायचा. एका मोठ्या दवाखान्याची निविदा सोमवारी बंद होणार होती. आज तपासनिसाने होकार दिला तर नोंदणी होईल. नाही दिला तर पुढची तारीख कधी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. शेडवरची नवीन यंत्रं त्याच्या शब्दावर आली होती. हे सगळं त्याने दोन्ही म्हाताऱ्यांना अनेकदा समजावलं होतं, आणि दोघांनीही दरवेळी मान डोलावून दुसराच काहीतरी विषय काढला होता. आपल्याशी मनातलं बोलणारं इथे कुणी नाही असं त्याला वाटायचं. मागच्या खोलीत कप मांडणाऱ्या आत्यालाही अगदी तसंच वाटत असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

तपासनीस आला तो स्कूटरवरून, हेल्मेट काखेत. थकलेला, हळू बोलणारा माणूस. दारावर लावलेली नवी पाटी बघितली, खोली बघितली, दिवसभर इथे कोण असतं ते विचारलं. "मी," ताई म्हणाली. कंपनीत कोण आपण, त्याने विचारलं. यावर सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. सल्लागाराने घाईघाईने सांगितलं की या बाई जागेच्या मालक, बाकी कंपनीशी त्यांचा काही संबंध नाही. तपासनिसाने ते तसंच लिहून घेतलं.

मग त्याने कोरा कागद काढला आणि एकेकाला सही करायला सांगितलं. अण्णाने केली. बापूने केली. इंजिनियरने केली. तपासनिसाने कागद उचलून उजेडात धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. मोठं अक्षर, लाट, मागे वळलेली रेघ, दोन टिंबं. तीनदा. त्याने तो ताईपुढे सरकवला. तिची सही झाली आणि मग फरक असलाच तर एवढाच दिसला की बाकीच्या तिघांनी तिची नक्कल केली होती.

"खोट्या नाहीत हे मी बघितलं," तपासनीस म्हणाला. "पण कार्यालयात बघणारा हे घर बघणार नाही. उद्या तुमच्यात वाद झाला तर कोणती सही कुणाची, सांगणार कसं? चौघांच्या चार वेगळ्या सह्या हव्यात. एकाने ही ठेवा. बाकीच्यांनी आत्ता माझ्यासमोर नव्या करा."

इंजिनियरला जड गेलं नाही. ती दोन टिंबं त्याला कॉलेजपासून आवडत नव्हती. त्याने फर्रकन एक आडवी-तिडवी सही ओढली आणि मोकळा झाला. पण त्याच्या बापाचं आणि काकाचं तसं नव्हतं. अण्णा म्हणाला, माझं निवृत्तिवेतन या सहीवर येतं, या वयात मी बँकेत खेटे घालू का? बापू म्हणाला, आणि माझं काय, माल देणारे सगळे हीच सही ओळखतात, कारखाना माझ्याकडे आहे तर सही माझ्याकडेच राहिली पाहिजे. कारखाना तुझ्याकडे कसा आला ते मला बोलायला लावू नकोस, अण्णा म्हणाला. मघाशी ताईच्या बाजूने एक झालेले दोघे आता टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून शेडच्या जुन्या भांडणापर्यंत पोचले. आबांनी सही कुणाला दिली होती इथपर्यंत गाडी गेली. आबांनी ती जिला दिली होती ती दारातच उभी होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी मुलाने बापाला बाजूला घेतलं. निविदा, सोमवार, संध्याकाळची बस, असं काय काय तो पुटपुटला. अण्णा तणतणत परत आला आणि त्याने टिंबं काढून पुढे स्वतःच्या नावाचं अक्षर जोडलं. वेगळी दिसते, तपासनीस म्हणाला. बापूने आपली ठेवली आणि तो सुटकेचा निःश्वास टाकून बसला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की अजून एक सही उरली आहे.

ताईने बापूकडे बघितलं. तो नेहमीसारखा हसला, अगदी सहज, लहानपणी तिच्या ताटातलं उचलताना हसायचा तसा.

"ताई, तुझं काय अडतंय गं सहीवाचून?" तो म्हणाला. "तू कुठे करतेस आता सह्या? तू बदल ना."

हे त्याने दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. ताईला ते कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त आत गेलं. अण्णा असं म्हणाला असता तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते. पण बापूला तिने बोट धरून चालवलं होतं. त्याचं म्हणणं खरंही होतं. सही करायची वेळ तिच्यावर शेवटची कधी आली होती, हे तिलाच आठवेना.

ती खुर्चीवर बसली. तपासनिसाने कोरा कागद दिला. तिने पेन टेकवलं, आणि हात आपसूक मोठ्या अक्षराकडे वळला. तिने खोडलं. दुसऱ्यांदा वेगळं काहीतरी सुरू केलं, पण शेवटाला येताच हात मागे फिरला आणि नावाखालून रेघ ओढून आला. तिसऱ्यांदाही तेच. सगळे तिच्या डोक्यावर वाकून उभे होते. "आत्या, नुसतं नाव लिही, साधं," इंजिनियर म्हणाला. अण्णाने घड्याळ बघितलं. सल्लागार सांगत होता की खिडकी बंद व्हायच्या आत कार्यालय गाठायला हवं. इतकी माणसं या खोलीत कितीतरी दिवसांनी एकत्र आली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला निघायची घाई होती.

तिने पेन खाली ठेवलं.

"अंगठा चालतो का?" तिने तपासनिसाला विचारलं.

"ताई," बापू म्हणाला. पुढचं त्याच्या जिभेवर होतं. राहू दे, मी बदलतो माझी, तुझी ठेव. तेवढंच वाक्य. पण मग बँक आली, माल देणारे आले, सोमवार आला, आणि वाक्य गिळून तो तसाच उभा राहिला.

अंगठा चालतो, तपासनीस म्हणाला. पण मग नियम असा की मजकूर पूर्ण वाचून दाखवावा लागतो, आणि यांना ओळखणारा एक साक्षीदार लागतो. साक्षीदाराने सही करून गेलं तरी चालेल. बाकीचे कागद घेऊन त्यांनी पुढे निघावं, हा एक कागद तो स्वतः घेऊन येईल.

बापूने साक्षीदार म्हणून सही केली. "या बाईंना मी ओळखतो," असं छापलेलं होतं, त्याखाली. मोठं अक्षर, लाट, रेघ, दोन टिंबं. वरचा अंगठ्याचा चौकोन अजून कोरा होता. तो उठला, ताईच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, येतो म्हणाला. फोन करतो, असंही म्हणाला. इंजिनियर वाकून पाया पडला, अण्णाने तब्येतीला जप म्हणून सांगितलं. गाडीची दारं लागल्याचे आवाज आले आणि मग गाडी गेली. नवे कप अर्धवट चहासकट तसेच टेबलावर राहिले.

तपासनिसाने चष्मा लावला. कागद अक्षर न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचा असतो तसा, एकेक शब्द सुटा करून, तो वाचू लागला. अमुक कंपनी, तमुक पत्ता. सदर जागा माझ्या मालकीची आहे. ताई हात मांडीवर ठेवून ऐकत होती. समोर बसून तिच्याशी इतक्या सावकाश कुणी बोललं त्याला फार दिवस झाले होते. तिला एकदम रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही. तपासनीस थांबला. त्याला वाटलं, घर हातचं जाईल अशी भीती वाटत असेल. त्याने समजावलं की मालकी तुमचीच राहते, आजी, फक्त पत्ता वापरणार. मग पुढे वाचलं.

"सदर कंपनीचे संचालक, कर्मचारी व तिच्याशी कामकाज असणाऱ्या सर्व व्यक्तींनी कामाच्या दिवशी या जागेत ये-जा करण्यास माझी कोणतीही हरकत नाही." त्याने कागद खाली ठेवला. "समजलं ना?"

"समजलं," ताई म्हणाली.

त्याने शाईची डबी उघडून तिच्यासमोर सरकवली. तिने डोळे पुसले, अंगठा पुढे केला आणि शाईच्या अलीकडेच थांबवला.

"तेवढं शेवटचं पुन्हा एकदा वाचता का?" ती म्हणाली. "सावकाश."

त्याने खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा वाचलं.